राम राम आणि बत्तीस सेकंद

कॉम्प्युटरमध्ये असलेल्या जावयाने सासुरवाडीला लॅपटॉप घेऊन जाऊ नये. मी घेऊन गेलो, ही पहिली चूक. चहाचा घोट घेता घेता "काय अडचण आहे, बघू" असं म्हणालो, ही दुसरी. मराठवाड्यात जावई 'बघू' म्हणाला की तो स्टॅम्प पेपरवरचा अंगठा समजतात.

खरं सांगायचं तर मी पुण्यात पगारपत्रकांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. कुणाचा किती टॅक्स कापला आणि तो का कापला म्हणून ते कुणावर ओरडले, एवढंच माझं क्षेत्र. पण सासुरवाडीत 'कॉम्प्युटरमध्ये आहेत' याचा अर्थ 'वीज लागणारं सगळं त्यांना कळतं' असा आहे. आजवर मी तिथे मिक्सर बघितला, इन्व्हर्टर बघितला, टीव्हीची छत्री बघितली आणि एकदा पिठाची गिरणी बघितली. यातलं काहीही माझ्यामुळे सुरू झालं नाही. तरी मान कमी झाला नाही. जावयाने नुसतं बघणं हेसुद्धा शुभ मानत असावेत.

सासुरवाडी वारंगा फाट्याला. हिंगोली जिल्हा, कळमनुरी तालुका. नांदेडहून अर्धापूर, डोंगरकडा करत आलेला रस्ता इथे दुभंगतो. एक फांदी हिंगोलीकडे जाते, दुसरी हदगाव-उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे. इथे उतरणाऱ्या बहुतेकांना इथे यायचंच नसतं. त्यांना गाडी बदलायची असते. मधल्या वेळात ते फाट्याची नावाजलेली खिचडी खातात आणि दोन प्रश्न विचारतात: "हिंगोलीची गेली का?" आणि "उमरखेडची कधी आहे?" उत्तर द्यायला नेमलेला माणूस कुणी नाही, त्यामुळे सगळेच देतात. पानवाला देतो, खिचडीवाला देतो, आणि ज्याला स्वतःलाच कुठे जायचंय ते ठाऊक नाही तोही छातीठोकपणे देतो. इंटरनेटमध्ये ज्याला राउटर म्हणतात ते यंत्र मला कधी कुणाला समजावून सांगावं लागलं, तर मी त्याला वारंगा फाट्यावर नेऊन उभा करीन.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामांचं फाट्यावर बी-बियाणं-खतांचं दुकान आणि हळदीची खरेदी. रस्त्याच्या पलीकडे गोदाम. दुकानाची पाटी इतकी जुनी की तिच्यावर अजून 'ता. कळमनुरी, जि. परभणी' लिहिलंय. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, पण पाटी रंगवायला चांगला मुहूर्त मिळाला नाही. पत्रं तरीही येतात. पोस्टमनला मामा माहीत आहेत, जिल्ह्याचं काय एवढं.

तर धाकट्या मेव्हण्याने नांदेडला कुठेतरी इंटरनेटचा फोन बघितला आणि घेतलाच. एकच नंबर, चार ठिकाणी फोन: गल्ल्यावर, गोदामात, घरी आणि नांदेडच्या ऑफिसात. फोन लावला की मेव्हण्याच्याच आवाजात "राम राम! हळदीसाठी एक दाबा, बियाण्यासाठी दोन दाबा." तीनवर उधारी ठेवायचा त्याचा विचार होता. मामा म्हणाले, "त्यासाठी माणसाला दाबावं लागतं, आकड्याला नाही."

फोनसोबत त्याने फायरवॉलची एक पेटीही आणली. फायरवॉल म्हणजे इंटरनेट आणि आपलं घर यांच्यामध्ये बसवलेला राखणदार. आतून बाहेर जाणाऱ्याला तो हात करतो, बाहेरून आत येणाऱ्याला "कोण पाहिजे?" विचारतो. आतल्या कुणी बोलावलं असेल तर सोडतो, नाहीतर दारातूनच परत. मामींना हा स्वभाव ओळखीचा वाटला. त्यांच्या सासूबाई अशाच होत्या म्हणे.

पहिले दोन दिवस फोन अगदी उत्तम चालला, असं मामांचं मत होतं. तिसऱ्या दिवशी डोंगरकड्याचा एक शेतकरी मोटारसायकलवर तावातावाने आला. "मामा, मी फोनवर हाव हाव म्हणून राहिलो, अन् तुम्ही 'हाव का नाही ते सांग' म्हणून माझ्यावरच कामून खवळता?"

तेव्हा उलगडा झाला. मामांचा आवाज जात होता, पण समोरच्याचा येत नव्हता. मामांच्या ते लक्षात आलं नव्हतं. त्यांना एवढंच जाणवलं होतं, की हल्ली लोक फार अदबीने ऐकून घेतात.

इथे मी 'बघू' म्हणालो.

बघितलं ते असं. इंटरनेटवर फोन लावण्याच्या रीतीला सिप म्हणतात. ही रीत पहिल्यांदा १९९९ साली कागदावर आली, म्हणजे सिप आणि हिंगोली जिल्हा एका वयाचे. दोघांचा पत्त्याचा घोळ अजून मिटलेला नाही. फोन लागताना आपला फोन समोरच्याला एक पत्र पाठवतो: 'मी बोलायला तयार आहे, तुमचा आवाज अमुक पत्त्यावर पाठवा.' दुकानातल्या फोनला स्वतःचा पत्ता माहीत असतो तो घरातला, १९२.१६८ ने सुरू होणारा. हा पत्ता म्हणजे 'मागच्या खोलीत या' असं सांगण्यासारखं आहे. मागची खोली जगात प्रत्येकाच्या घरी आहे. फायरवॉल पत्र बाहेर सोडताना पाकिटावर दुकानाचा खरा पत्ता टाकते, पण पाकीट फोडत नाही. आतल्या पत्रात 'मागच्या खोलीत या' तसंच राहतं. समोरची मंडळी पाकीट फेकून देतात, पत्र वाचतात आणि शेतकऱ्याचा 'हाव' कुठल्यातरी भलत्याच मागच्या खोलीकडे रवाना करतात.

मी हे सगळं पाकीट हातात धरून समजावलं. मामा म्हणाले, "म्हंजे फोन खराब नाही, पत्ता खराब." मी हो म्हणालो. मामांनी न बोलता वर पाटीकडे एकदा बघितलं.

तेवढ्यात मेव्हण्याने पेटीच्या मेनूत 'सिप हेल्पर' असं काहीतरी शोधून काढलं आणि त्यापुढे खूण केली. "दाजी, मदत करतो म्हणूलालाय तर करू द्या की!"

आणि आवाज आला! दोन्ही बाजूंनी! मामांनी पहिल्या गिऱ्हाइकाला राम राम घातला, त्याने घातला. मामांनी पाऊसपाण्याचं विचारलं, त्याने सांगितलं. लेकीचं बाळंतपण, म्हशीचं दूध, कारखान्याचं बिल. मग तो म्हणाला, "बरं मामा, हळदीचा भाव..." आणि फोन कट.

दुसरा फोन. राम राम, पाऊस, लेकरंबाळं, "बरं मामा, भाव..." कट.

तिसऱ्याला मी घड्याळ लावलं. बत्तीस सेकंद. चौथ्याला, बत्तीस सेकंद. पाचव्याला तेच. गावात कुजबुज सुरू झाली, की हळद पडलीय वाटतं, भाव विचारला की मामा फोन आपटतात.

या बत्तीस सेकंदांचं कारण कळलं तेव्हा मला त्या फोनची दया आली. फोन उचलला की तो पलीकडे कळवतो, 'उचलला बरं का.' त्यावर पलीकडून पोच यावी लागते. पोच आली नाही तर तो अर्ध्या सेकंदाने पुन्हा कळवतो, मग एका सेकंदाने, मग दोन, मग चार-चार सेकंदांनी. बिचारा अर्ध्या सेकंदाच्या चौसष्ट पट, म्हणजे बत्तीस सेकंद वाट बघतो. तरीही पोच नाही, म्हणजे आपली कुणाला पर्वाच नाही, असं समजून तो स्वतःच फोन ठेवतो. इकडे दोन माणसं मजेत बोलत असतात, पण पोच नाही म्हणजे नाही. लग्नात आहेराची पोच दिली नाही म्हणून चार-चार वर्षं न बोलणारी माणसं या भागात मी पाहिली आहेत. त्यांच्यापेक्षा फोन समजूतदार, असंही म्हणता येत नाही.

ज्यांनी कुणी हा आकडा ठरवला त्यांना वाटलं असेल, बत्तीस सेकंद पुष्कळ झाले. ते कधी मराठवाड्यात आले नसणार. इथे बत्तीस सेकंदांत माणूस मुद्द्यावर येत नाही. आला तर त्याच्या घरी काहीतरी बरंवाईट झालंय असं समजतात.

"आमच्या ट्रंककॉलला तीन मिनिटं मिळायची," मामा म्हणाले. "मधे ऑपरेटर बाई असायची. 'तीन मिनिटं झाली' म्हणून सांगायची. तिला आमच्या घरातलं समदं माहीत, पण तिने कधी मधेच तोडलं नाही." मग थोडा वेळ ते गप्प बसले. बहुधा तिला कायकाय माहीत असेल याचा हिशेब करत असावेत.

मेव्हण्याने आता फाट्याचा उपाय केला. फाट्याचा उपाय म्हणजे नेमकं काय अडलंय ते कळत नसेल तर सगळंच मोकळं करायचं. सिपचं दार ५०६० नंबरचं, आणि आवाजासाठी फोनच्या कंपनीने दिलेली दारं १०,००० ते २०,०००. त्याने ही सगळी दारं, सगळ्या जगासाठी, सताड उघडली आणि फोन कट होणं जसंच्या तसं ठेवून तो झोपायला गेला.

रात्री दोन वाजता घरातला फोन वाजला. मामींनी डोळे चोळत पडद्यावरचा नंबर वाचला: १००. "अहो, पोलीस!" मामा ताडकन उठले, फोन न उचलता आधी कुठलीशी वही उचलली आणि गादीखाली घातली. मग हॅलो म्हणाले. पलीकडे कुणीच नाही. दहा मिनिटांनी गोदामातला फोन, नंबर १०००. मग गल्ल्यावरचा, १००१. रात्रीच्या शांततेत रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे फोन आळीपाळीने वाजत होते आणि प्रत्येक फोनवर नुसती शांतता. मामींनी सकाळी नारळ फोडायचं ठरवलं.

भूतबीत काही नव्हतं. जगभर अशी यंत्रं रात्रंदिवस फिरत असतात, जी प्रत्येक पत्त्यावर जाऊन ५०६० नंबरचं दार ठोठावतात. उघडं सापडलं आणि आत एक्स्चेंज असलं, तर त्यावरून परदेशात महागडे फोन करतात आणि बिल घरमालकाला. आमच्याकडे एक्स्चेंज नव्हतं, नुसते फोन होते. म्हणून चोर दार ठोठावत राहिला आणि मामा उघडत राहिले. सकाळी मी सगळी दारं लावली. फक्त कंपनीच्या पत्त्यावरून येणाऱ्याला सोडायचं, बाकी जगाला नाही, एवढा एक नियम ठेवला. मामींनी नारळ फोडलाच. त्या दिवसापासून रात्रीचे फोन बंद आहेत आणि श्रेय नारळाला आहे.

शेवटी मी कंपनीला फोन लावला. अर्थात मोबाइलवरून, कारण फोनवरून फोनच्या तक्रारीचा फोन बत्तीस सेकंदांपेक्षा जास्त चालला नसता. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, तुमच्या फायरवॉलमध्ये सिप एएलजी सुरू आहे का?"

"ते काय असतं?"

"काही पेट्यांत त्याला हेल्पर म्हणतात."

मी मेव्हण्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

हा हेल्पर म्हणजे पाकीट फोडून आतलं पत्र वाचणारा आणि आपल्या मनाने दुरुस्त करणारा राखणदार. हेतू चांगला. 'मागच्या खोलीत या' खोडून तो खरा पत्ता लिहितो, म्हणून आवाज यायला लागला होता. पण त्याच उत्साहात त्याने पोच कुठे पाठवायची तो पत्ताही 'सुधारला', आणि बत्तीस सेकंदांचं दुखणं लावून दिलं. मला एकदम फाट्यावरचा तो माणूस आठवला, जो न विचारता सांगतो, "हिंगोलीची गेली, तुम्ही उमरखेडच्या गाडीत बसा, पुढं मिळंल." भिंतीने कुणाचं संभाषण बिघडत नाही. भिंत असली तर माणूस दार शोधतो. संभाषण बिघडतं ते मध्ये पडून मदत करणाऱ्यांमुळे. मोडलेल्या सोयरिकी आठवून बघा. नकार देणारा बाप क्वचित आठवेल, पण 'माझ्यावर सोडा' म्हणणारा एक मध्यस्थ हमखास निघेल.

हेल्पर बंद केला. बत्तीस सेकंद गेले, आणि पुन्हा समोरच्याचा आवाजही गेला.

"आता आमच्या बाजूने एक सेटिंग करते," मुलगी म्हणाली. "तुमच्या पत्रात काय पत्ता लिहिलाय तो आमचा सर्व्हर बघणारच नाही. तुमचा आवाज ज्या दिशेने येईल त्याच दिशेला तोंड करून उत्तर देईल."

हे मी मामांना सांगितलं. दारं, पत्ते, पाकिटं यातलं काही न विचारता मामा म्हणाले, "म्हंजे औंढ्याचं देऊळ."

मी नुसता बघत राहिलो. औंढा नागनाथ आमच्याच जिल्ह्यात, आणि नामदेवांचं नर्सीही. नामदेव देवळासमोर कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी त्यांना हाकललं, मागच्या बाजूला जा म्हणाले. ते मागे जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच फिरलं. ही कथा या भागात सांगावी लागत नाही. मामा म्हणाले, "नामदेव कुठं उभा आहे ते देवानं कुणाला विचारलं का? आवाज जिकडून आला तिकडं तोंड केलं, झालं. पुजाऱ्याला मधे घेतलंच नाही."

अठरा वर्षं मी कॉम्प्युटरमध्ये आहे. इतकं सोपं मला कुणी सांगितलं नव्हतं.

मुलीने देऊळ फिरवलं. आवाज आला. दोन्ही बाजूंनी, तेहतिसाव्या सेकंदानंतरही.

बारीकसारीक उरलं होतं ते नंतर निघालं. दुपारच्या शांततेत फोन यायचेच बंद व्हायचे, कारण अर्धं मिनिट कुणी काही बोललं नाही की ही पेटी आत फोन आहे हेच विसरायची. मग फोनला दर वीस सेकंदांनी बाहेर एक रिकामी हाळी द्यायला लावली. मामी स्वयंपाकघरातून "आहात का?" म्हणतात आणि मामा ओसरीवरून "आहे" म्हणतात, तसं. त्यातून माहिती काही मिळत नाही, पण संसार चालू राहतो.

संध्याकाळी मेव्हण्याचा पोरगा मोबाइलवर क्रिकेट लावायचा आणि इकडे मामांचा आवाज तुटायचा. आवाजाला खरं तर जागा फार थोडी लागते. सेकंदाला पन्नास पुड्या, एकेका पुडीत वीस मिलिसेकंदांचं बोलणं. पण पुडी वेळेवर पोचली पाहिजे. हरवलेली पुडी मागवून घेण्यात अर्थ नसतो. 'पाऊस'मधला 'पा' वाक्य संपल्यावर येऊन काय करणार? म्हणून पेटीत आवाजाच्या पुड्यांना सगळ्यांच्या पुढे जागा राखून दिली. एसटीत आमदारांची असते तशी. फरक एवढाच की इथे ज्याच्यासाठी राखीव आहे तो खरोखर येतो.

एवढं करून मी पुण्याला परतलो आणि चौथ्या दिवशी मेव्हण्याचा फोन. बत्तीस सेकंदांत कट. मोबाइलवरून पुन्हा: "दाजी, पेटीनं रातीतून स्वतःला अपडेट केलंय. हेल्परची खूण परत आलीय!"

गेलेला मध्यस्थ असा परत येतोच. कंपनीच्या मुलीने यावर अखेरचा उपाय सांगितला. पत्रं साध्या ५०६० ऐवजी ५०६१ च्या दाराने, कुलूप लावून पाठवायची. कुलूप असलं की हेल्परला पत्र वाचता येत नाही, आणि वाचताच आलं नाही तर सुधारणार काय?

हे मी मामांना फोनवर समजावू लागलो. त्यांनी मला अर्ध्यातच थांबवलं. "हे रुमालाचं झालं, बापू. आमच्या तरुणपणी भाव बोलून कोण ठरवायचं? दोघांच्या हातावर रुमाल टाकायचा अन् आतल्या आत बोटं दाबायची. भोवती पन्नास माणसं उभी, पण कुणाला काय कळतंय?" मेव्हण्याने त्याच दिवशी रुमाल टाकला. हेल्पर अजून पेटीत बसलेला आहे, खूणही आहे, पण त्याच्या हाती काही लागत नाही.

दिवाळीला गेलो तेव्हा मामा गल्ल्यावर फोन कानाला लावून बसले होते. राम राम झाला. पाऊस झाला, लेक झाली, नातवंडं झाली, कुठल्याशा कोर्टकेसची पुढची तारीख झाली. पडद्यावर सतरा मिनिटं. मी अभिमानाने बघत होतो. हे बोलणं मी घडवलं होतं. निदान माझ्या 'बघू'ने घडवलं होतं.

शेवटी पलीकडून प्रश्न आला, मलाही ऐकू आला, अगदी स्वच्छ: "बरं मामा, हळदीचा भाव काय आज?"

मामा म्हणाले, "भाव फोनवर असतो का? या की फाट्यावर, खिचडी खाऊ." आणि फोन ठेवला.

मी म्हणालो, "मामा, एवढं सगळं केलं, आणि तुम्ही भाव सांगितलाच नाही?"

मामांनी गल्ला बंद केला. "सांगितला असता तर तो आला असता का?"